आबांची गोळी आणि बाळाचा श्वास

कोल्हापूरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावातून आलेलं पत्र आहे. नाव-गाव गाळून गोषवारा देते.

पहिली मुलगी, आता साडेतीन महिन्यांची. दीड महिन्याची झाली आणि श्वासाला घरघर सुरू झाली. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग एका दवाखान्यात क्रूप म्हणून, म्हणजे घशाला सूज येऊन भुंकल्यासारखा खोकला येतो तो आजार म्हणून, वाफ दिली, स्टेरॉइडचं औषध दिलं. चार दिवस बरं वाटलं आणि आवाज परत आला. असं तीनदा झालं. खालच्या ओठावर आणि हनुवटीवर लालभडक चट्टा आहे, जन्मताना तो नव्हता. शेवटी पुण्यात भूल देऊन दुर्बीण घातली, तेव्हा स्वरतंतूंच्या खाली रक्तवाहिन्यांची गाठ दिसली. हिमँजिओमा. श्वासाची जवळजवळ निम्मी वाट तिनं अडवली आहे. डॉक्टरांनी बाळाला दाखल करून प्रोप्रॅनोलॉल सुरू करायला सांगितलंय.

आता घरात तीन मतं झालीत. आबा, म्हणजे सासरे, धडधडीसाठी हीच गोळी रोज ४० मिलिग्रॅम घेतात. 'म्हाताऱ्याची गोळी तान्ह्या लेकराला?' म्हणून ते हबकलेत. नवरा म्हणतो, वर्षभर औषध पाजत बसण्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करून मोकळं होऊ, उसाचं बिल आलंय, पैशाचं बघता येईल. सासूबाईंच्या मते ते लासं आहे, आपसूक जाईल. शिवाय त्यांनी विचारलंय, 'ग्रहणात काही चिरलं होतंस का?' पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत : 'सिस्टर, मी कुणाचं ऐकू? आणि माझं काय चुकलं?' खाली ताजा कलम, पाचव्या महिन्यात जोतिबाला जावळ काढायचा नवस आहे, जाऊ का?

तुला एकेरीतच लिहिते. माझी थोरली तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा रागावणार नाहीस.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो डोक्यात असेपर्यंत बाकीचं तुला ऐकूच येणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही. अशी गाठ शंभरातल्या चार-पाच बाळांना कुठे ना कुठे होते. मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या आणि जुळ्या बाळांना जास्त होते. सुरी, विळी, ग्रहण यांचा त्यात काही हात नाही. मी पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी ड्युटी केली आहे, दिवसभर कापूस आणि पट्ट्या कापल्या आहेत. मुलं धडधाकट आहेत, एक जरा जास्तच. सासूबाईंशी यावरून भांडू नकोस. त्यांना कारण हवंय, म्हणजे भीती कमी होते. भीती तुलाही वाटतेय, फक्त तू ती स्वतःवर घेतलीस.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. औषधाचा डोस मी सांगणार नाही, तो तुझ्या मुलीच्या वजनावर आणि तपासणीवर ठरेल. पण घरातल्या तीन मतांमागे जे गृहीत धरलंय, ते उलगडून बघायला मदत करू शकते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि तेच जास्त धोक्याचं आहे. ही गाठ कॅन्सर नाही. जन्मल्यावर काही आठवड्यांत दिसू लागते आणि पहिले तीन महिने झपाट्यानं वाढते. पाचव्या महिन्यापर्यंत तिची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. वर्षाच्या आसपास ती ओसरू लागते आणि बहुतेक मुलांत चौथ्या वर्षापर्यंत जेवढी जायची तेवढी जाते. दंडावर, पाठीवर, मांडीवर असली तर डॉक्टरही पुष्कळदा नुसती नजर ठेवतात. सासूबाईंनी गावात अशी चार पोरं बघितली असतील, त्यांची लासं खरंच गेली असतील. पण ती लासं श्वासाच्या वाटेवर नव्हती. तान्ह्या बाळाची स्वरतंतूंखालची जागा चार-पाच मिलिमीटर रुंद असते, शीतपेयाच्या नळीएवढी. तिथं कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं, त्यामुळे आत सूज आली तर तिला बाहेरच्या बाजूला पसरायला जागाच नसते. चार मिलिमीटरच्या नळीत सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली की उरतात दोन मिलिमीटर. ऐकायला निम्मं वाटतं, पण हवा जायची जागा पावच उरते. चौथ्या वर्षी गाठ जाणार हे खरं असलं तरी मधली साडेतीन वर्षं तिला श्वास घ्यायचा आहे. तेव्हा 'थांबून बघू' हा पर्याय तुमच्यासाठी उरलेला नाही, हे सासूबाईंना शांतपणे सांगायला हवं. तू सांगू नकोस, नवऱ्यानं सांगू दे. सुनेनं सांगितलं की त्याचा वाद होतो.

क्रूपच्या औषधानं तीनदा बरं वाटलं, मग ते निदान चूक कसं, असंही तू लिहिलंयस. डॉक्टर बदनाम व्हावेत म्हणून मी हे लिहीत नाही, गाठीची चाल समजावी म्हणून लिहिते. स्टेरॉइडनं ही गाठ तात्पुरती आवळते. औषध थांबलं की पुन्हा फुगते. म्हणजे चुकीच्या नावाखाली दिलेलं औषधसुद्धा थोडे दिवस लागू पडतं आणि सगळ्यांची दिशाभूल होते. क्रूप साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना होतो. दीड-दोन महिन्यांच्या बाळाला 'क्रूप' झाला, औषधानं गेला आणि परत आला, की पुढचा प्रश्न विचारायचा असतो : आत काही आहे का? दुसरी खूण तुझ्या मुलीच्या हनुवटीवरच होती. पुरुषांना दाढी येते त्या जागी, म्हणजे खालचा ओठ, हनुवटी, जबडा आणि गळ्याचा पुढचा भाग, अशी लाल गाठ असेल तर घशातही असण्याची शक्यता वाढते. ज्यांच्या बाळाला असा चट्टा आहे आणि श्वासाला आवाज आहे, त्यांनी पुढच्या लसीपर्यंत थांबू नये. उलट बाजूही लक्षात ठेवा : घशात गाठ असलेल्या निम्म्या-अर्ध्या बाळांच्या अंगावर काहीच दिसत नाही.

आवाजाचंही थोडं सांगते, इतर आयांसाठी. तान्ह्या बाळाचा श्वास वाजतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा कारण साधं असतं, स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो. तो आवाज श्वास आत घेताना येतो, उताणं निजवलं की वाढतो, आणि बहुतेकदा वर्ष-दीड वर्षात आपला जातो. स्वरतंतूंखाली अडथळा असला तर श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा आवाज येतो, खोकला कुत्रं भुंकल्यासारखा येतो. पण हे ऐकून घरी निदान करायचं नाही. मोबाइलवर बाळ शांत झोपलेलं, दूध पिताना आणि रडताना, असे तीन व्हिडिओ करा, छाती उघडी ठेवून. डॉक्टरांसमोर बाळ नेमकं शहाण्यासारखं वागतं, तेव्हा ते व्हिडिओ कामाला येतात.

आता आबा. त्यांचा प्रश्न मला मनापासून पटतो, कारण २००८ च्या आधी कुणी मला हे सांगितलं असतं तर मीही हबकले असते. प्रोप्रॅनोलॉल हे जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात हृदयासाठी शोधलेलं औषध. पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. गाठीवर ते चालतं हे कुणी शोधायला गेलंच नव्हतं. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाच्या नाकावर मोठी हिमँजिओमा होती. स्टेरॉइड चालू होतं, त्यात हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. दुसऱ्या दिवशी गाठीचा लाल रंग जांभळट झाला, गाठ मऊ पडली. त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नजरेआड केलं नाही. आणखी बाळांना देऊन बघितलं आणि २००८ च्या जूनमध्ये ते छापलं. २०१४ मध्ये अमेरिकेत याच कामासाठी तोंडावाटे द्यायच्या द्रावणाला मान्यता मिळाली. २०१५ मध्ये ४६० बाळांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पूर्ण डोस सहा महिने घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेली होती. नुसतं औषधाविना द्रावण मिळालेल्यांत हेच प्रमाण ४ टक्के होतं. एक गोष्ट मात्र आबांपासून लपवू नकोस : या चाचणीत श्वासाला धोका असलेली बाळं घेतलीच नव्हती. घेणार कशी? ज्याची श्वासाची वाट बंद होतेय त्याला सहा महिने नुसतं गोड पाणी पाजायला कोण धजेल? घशातल्या गाठीचा अनुभव जगभरातल्या दवाखान्यांतून बाळागणिक जमत गेलेला आहे. तो चांगला आहे, म्हणूनच आज हे औषध पहिल्या क्रमांकावर आहे. घशाच्या गाठीत अनेक बाळांचा आवाज पहिल्या एक-दोन दिवसांतच कमी होऊ लागतो.

आबांचा दुसरा समज असा असणार की बाळाला त्यांच्या गोळीचा चिमूटभर तुकडा मिळेल. खरा हिशेब ऐकून ते दचकतील, पण खरं सांगितलेलं बरं. हिमँजिओमासाठी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २ ते ३ मिलिग्रॅम लागतं. आबांचं वजन साठ-पासष्ट किलो धरलं तर त्यांना किलोमागे एक मिलिग्रॅमसुद्धा पडत नाही. म्हणजे वजनाच्या मानानं नात आजोबांपेक्षा तिप्पट-चौपट औषध घेणार आहे. म्हणूनच ते घरच्या डब्यातून काढून सुरू करायचं औषध नाही. म्हणूनच डॉक्टर दाखल करायला सांगताहेत. आधी हृदय तपासतील, थोड्या डोसनं सुरुवात करतील, डोस दिल्यावर तास-दोन तास नाडी आणि रक्तदाब बघतील, साखर बघतील, मग वाढवतील. 'दाखल करा म्हणजे बिल वाढवतात' असं कुणी म्हणालं तर हे सांग. श्वासनलिकेची गाठ असलेल्या बाळाला हे औषध दवाखान्यातच सुरू करायचं असतं.

आणि आबांच्या गोळ्या त्या दिवसापासून वेगळ्या कपाटात. बाजारात या गोळ्या १०, २० आणि ४० मिलिग्रॅमच्या मिळतात, दिसायला सारख्याच. ४० ची गोळी १० ची समजून विरघळवली की झालंच.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं वाटलं, कारण त्यात त्याची काळजी आहे आणि एक मोठा गैरसमजही आहे. आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे पक्कं काम आणि औषध म्हणजे वेळकाढूपणा असं आपण धरून चालतो. ट्रॅक्टरचा बिघडलेला भाग काढून नवा बसवावा, तसं. घशात ते तसं नसतं. लेझरनं गाठ जाळता येते, पण जाळलेल्या जागी व्रण धरतो आणि तो आकसला की गाठ जाऊनही वाट कायमची अरुंद राहू शकते. उघडं ऑपरेशन म्हणजे गळ्यावर छेद घेऊन ते कूर्चेचं कडं पुढून उघडायचं, गाठ काढायची, पुष्कळदा कूर्चेचा तुकडा बसवून वाट रुंद करायची, आणि पुढे काही दिवस बाळ श्वासाच्या नळीवर, अतिदक्षता विभागात. चांगल्या हातात ते चांगलं होतं. पण 'एकदाच आणि मोकळं' ते नाही. त्यानंतरही दुर्बिणीच्या तपासण्या असतातच.

मी नोकरीला लागले तेव्हा हे औषध नव्हतं. स्टेरॉइड महिनोन्‌महिने चालायचं. बाळाचा चेहरा चंद्रासारखा गोल व्हायचा, रक्तदाब वाढायचा, उंची खुंटायची, जंतुसंसर्गाची टांगती तलवार. आणि श्वास फारच कोंडला तर गळ्याला छिद्र पाडून नळी. गाठ आपली आपण ओसरेपर्यंत, वर्ष-दोन वर्षं ती नळी. आमच्या वॉर्डात अशी एक मुलगी होती. तिची आई दिवसरात्र त्या नळीतला चिकटा ओढून काढायची. मुलीला रडताना आवाज यायचा नाही, हवा नळीतूनच निघून जायची. आई म्हणायची, 'सिस्टर, ही रडते ते मला डोळ्यानं बघावं लागतंय.' एक रात्र तिला झोप लागली आणि... नाही, मुलगी वाचली, आमच्या मावशींनी वेळेवर बघितलं. पण ती आई पुढे कधी आडवी झोपली नाही, भिंतीला टेकूनच बसायची. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. ऑपरेशनची भीती घालायला नाही. त्या काळी आयांना ही निवडच नव्हती, ती आज तुमच्या हातात आहे.

ऑपरेशन बाद झालेलं नाही. औषधाला गाठ दाद देत नसेल, ती चहूबाजूंनी वाट वेढून बसली असेल, हृदयाच्या किंवा दम्यासारख्या आजारामुळे हे औषध देताच येत नसेल, किंवा औषधाची वाट बघण्याइतकाही श्वास उरला नसेल, तर सर्जनचं काम येतं. कधी दोन्ही एकदम चालतं : गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन, थोडी गाठ कमी करणं आणि बरोबर औषध. म्हणून तुझ्या घरातला प्रश्न 'औषध की ऑपरेशन' असा मांडलाच जाऊ नये. औषध पुढे आणि ऑपरेशन पाठीशी, असा तो क्रम आहे. पुण्याच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचार : किती दिवसांत फरक दिसला नाही तर तुम्ही पुढचं पाऊल उचलणार, आणि ते पाऊल कोण, कुठे उचलणार? याची उत्तरं आधी मिळाली की नवऱ्याच्या मनातली घाई पुष्कळ उतरेल. खर्चाचं म्हणशील तर गोळी स्वस्त आहे. खर्च होतो तो भूल, दुर्बीण आणि दाखल राहण्याचा. उसाच्या बिलाला हात लावण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा.

चट्टा चेहऱ्यावर पसरून मोठा, पाचेक सेंटिमीटरहून जास्त असला, तर औषधाआधी मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायचा की नाही, हेही विचारायचं असतं. काही थोड्या बाळांत त्या वाहिन्याच अरुंद असतात. अंगावर अशा पाच किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

औषध घरी आल्यावर ते कसं सांभाळलं जातं, यावर मला वाटतं बाकी सगळं अवलंबून आहे, आणि तुझ्या घरात यावर अजून एक शब्द झालेला नाही. तीन मतं आहेत, पण सकाळचा डोस कोण देणार हे ठरलेलं नाही. या औषधाचा बाळाला खरा धोका असतो तो साखर उतरण्याचा. म्हणून ते नेहमी दूध पाजताना किंवा पाजल्याबरोबर द्यायचं, रिकाम्या पोटी कधीच नाही. बाळ पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील, तर तो डोस द्यायचा नाही, आणि डॉक्टरांना फोन करायचा. डोस दिल्यावर बाळानं गुळणी काढली तर पुन्हा द्यायचा नाही. दोन डोसांत निदान नऊ तास हवेत. तुझ्या मुलीच्या वयात रात्रीही पाच तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नये, म्हणजे 'शहाणं बाळ, रात्रभर झोपतं' हे कौतुक काही महिने बाजूला ठेवायचं. बाळ एकदम मलूल झालं, घामेजलं, गार पडलं, असं दिसलं तर आधी दूध पाज आणि दवाखाना गाठ. उठवून उठत नसेल, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट निघायचं. हातपाय जरा गार लागणं, झोप चाळवणं, पातळ शी होणं, एवढं मात्र पुष्कळ बाळांना होतं.

गोळी विरघळवून द्यायची असेल तर दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टरांसमोर तू आणि आणखी एकानं स्वतःच्या हातानं करून दाखवायचं. चमच्यानं नाही, सुई काढलेल्या लहान सिरिंजनं. कागदावर मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून घ्यायचं, आणि तिचं वजन वाढेल तसा डोस बदलेल तेव्हा जुना कागद फाडून टाकायचा. दोन कागद भिंतीवर असले की चुकीचाच वाचला जातो, हे मी एकतीस वर्षं बघितलंय.

इथं सासूबाईंना कामाला लाव. त्या पहाटे उठतातच. सकाळचा डोस त्यांच्या समोर, त्यांनी कॅलेंडरवर खूण करायची. ज्या बाईला 'लासं जातंच' असं वाटतं, तिच्याच देखरेखीखाली ते जाऊ दे की. पण शेगडीवरची ओवा-वेखंडाची धुरी बंद. गुटीचं तू लिहिलं नाहीस, पण उगाळली जात असणारच, ती आणि मध दोन्ही आता नको. चुलीपाशी, विडी-सिगारेटपाशी बाळ न्यायचं नाही. 'पोट उडतंय, डबा झालाय' म्हणून कुणी डाग द्यायला किंवा बिब्बा घालायला सुचवलं तर त्या माणसाला उंबऱ्याबाहेरच थांबव.

सर्दी-खोकल्याला दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे नेलंस तर पहिलं वाक्य हे : 'बाळाला प्रोप्रॅनोलॉल चालू आहे.' दम्याच्या वाफेतलं नेहमीचं औषध आणि हे औषध एकमेकांविरुद्ध ओढतात. छातीत शिट्ट्या वाजू लागल्या तर डोस थांबवायचा की नाही, हे तुझ्या डॉक्टरांनाच विचारायचं. पुन्हा दुर्बीण करायची ठरली तर भूलतज्ज्ञाला औषधाचं सांगायचं आणि उपाशी किती वेळ ठेवायचं हे त्यांच्याकडूनच घ्यायचं. लसी चुकवायच्या नाहीत. मात्र मधल्या काळात स्टेरॉइड बरंच झालं असेल तर तेही लस देणाऱ्यांना सांग.

आवाज गेला, बाळ गुटगुटीत झालं, की औषधाच्या चौथ्या महिन्यात कुणीतरी म्हणेल, 'आता कशाला ते औषध?' हे कुणीतरी बहुधा नवराच असेल. गाठ दबलेली असते, गेलेली नसते. लवकर थांबवलं तर पुन्हा फुगते. साधारण सहा महिने तरी, आणि घशाच्या गाठीत बहुधा बाळ वर्षाचं होईपर्यंत किंवा त्यापुढेही औषध चालतं. थांबवायचं कधी आणि कसं, ते दुर्बीण बघणाऱ्यानं ठरवायचं.

तुम्ही गावात राहता आणि पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एक बेत आजच करून ठेवा. पुणे इथून सव्वादोनशे किलोमीटर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, हे तुला सांगायला नको. तातडीच्या वेळी पुणे डोक्यात ठेवू नका. बाळाच्या श्वासाची नळी घालू शकतील असा बालरोग अतिदक्षता विभाग तुमच्या बाजूला कुठे आहे, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, शहरातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात की मिरजेला, हे पुण्याच्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. दुर्बिणीचा अहवाल आणि फोटो मोबाइलमध्ये आणि एक कागदी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत. तुमच्या गावाला वेढा पडतो का हे आबांना माहीत असणार. पडत असेल तर पाणी चढू लागताच शहरातल्या नातेवाइकांकडे, नदीपासून लांब. औषध पंधरा दिवसांचं जास्तीचं हाताशी हवं.

आणि निघायचं कधी? शांत पडलेली असतानाही आवाज येतोय, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची खळी आत ओढली जातेय, दूध पिता पिता थांबून धापा टाकतेय, ओठ निळसर दिसताहेत, श्वास मध्येच थांबतोय, यातलं काहीही झालं की १०८. तोंडात बोट घालून बघायचं नाही, रडवायचं नाही, तिला आवडेल तसं उभं धरून घ्यायचं. एक फसवी खूणही आहे. खूप दमलेल्या बाळाचा आवाज कमी होतो, घरचे म्हणतात, 'बघ, शांत झाली.' आवाज कमी झाला पण छाती अजून ओढली जातेय, बाळ मलूल आहे, तर ती शांतता नाही. त्या वेळी तर आणखी घाई करायची.

आणि तू. पत्रात तू कुठेच नाहीस, नुसती बाकीच्यांची मतं आहेत. आठवड्यातून दोन रात्री नवऱ्यानं पाळत ठेवायची आणि तू दुसऱ्या खोलीत झोपायचं, हे माझं नाव सांगून ठरवून घे. ऑपरेशनला पैसे उभे करणारा माणूस दोन रात्री जागू शकतो.

राहता राहिलं जावळ. पाचव्या महिन्यात बाळ नुकतंच औषधावर स्थिरावत असेल. जोतिबाच्या डोंगरावर पायरीपायरीला गुलाल उडतो, नाकातोंडात गेल्याशिवाय राहत नाही. निम्मी वाट अडलेल्या घशाला तो नको. जावळ सातव्या, नवव्या किंवा अकराव्या महिन्यातही काढतात, वर्षाचं झाल्यावरही काढतात. तोवर नवसाचा नारळ आबांच्या हाती पाठव. आणि नेशील तेव्हा रविवार सोडून, ऊन चढायच्या आत ने, वर पोचल्यावर आधी दूध पाज, मग डोस दे, आणि मग न्हाव्यापुढे बसव.